गिटारच्या काठावरची काळी-पांढरी रेघ

गिटारच्या पुढच्या पाटीवर, बाहेरच्या बायंडिंगला, म्हणजे काठावर बसवलेल्या पट्टीला, आतून चिकटून जी बारीक काळी-पांढरी रेघ जाते, तिला पर्फलिंग म्हणतात. ती रंगाने ओढलेली नसते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे लाकडी पापुद्रे एकमेकांना चिकटवून पट्टी तयार करतात आणि पाटीच्या काठाने कोरलेल्या खाचेत ती बसवतात. व्हायोलिनमध्ये हीच पट्टी काठावर पडलेली चीर आत सरकू देत नाही. गिटारमध्ये मात्र काठ सांभाळण्याचे आणि लाकडाचा उघडा पडलेला छेद झाकण्याचे काम मुख्यतः बायंडिंग करते, पर्फलिंग शोभेपुरतेच असते. हे मान्य करूनच त्यावर वेळ घालवावा, असे मला वाटते.

परदेशी कारागीर काळ्या रेघेसाठी बहुधा रंगवलेला व्हीनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा एबनी, म्हणजे आबनूस, वापरतात आणि पांढऱ्यासाठी मेपल किंवा होली ही फिकट लाकडे. पूर्व विदर्भात राहणाऱ्याने हे सगळे बाहेरून मागवावे, हे मला पटत नाही. ज्याची पाने विडीसाठी तोडली जातात त्या तेंदूच्या जुन्या झाडाचा गाभा काळा असतो आणि ते झाड एबनीच्याच कुळातले आहे. अडचण एवढीच की पानांसाठी दरवर्षी छाटले जाणारे तेंदू झुडपाच्या रूपातच राहते आणि जाड गाभा फक्त जुन्या झाडांत मिळतो. मिळाला तरी त्यात राखाडी पट्टे निघतात. मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्यासाठी लाकूड लागतेच किती? जुन्या घराच्या मोडतोडीतून निघालेला हातभर तुकडासुद्धा अनेक गिटारींना पुरतो. पांढऱ्या रेघेसाठी काळ्या कुड्याचे लाकूड उत्तम. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी ज्या लाकडाची होतात, ते हेच. पिवळसर रेघ हवी असेल तर हळदू आहे, पण ते झाड स्वतःच्या बांधावर असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून तेही जुन्या सामानातूनच शोधावे. स्वाभाविक काळ्या लाकडाचा मोठा फायदा असा की, रंगवलेल्या व्हीनियरचा रंग ओलाव्याने कधीकधी शेजारच्या पांढऱ्या पापुद्र्यात उतरतो, तो धोका इथे राहत नाही. तरीही तेंदूची काळी भुकटी घासताना स्प्रूस या मऊ लाकडाच्या पाटीत बसते, म्हणून खाचेच्या आजूबाजूला आधी चपडा लाखेचा एक पातळ हात द्यावा.

खरा कस पट्टी वाकवताना लागतो. लाकूड पाण्याने वाकते, अशी समजूत आपल्याकडे सर्रास आढळते आणि गावातले वाढईकाकाही पट्टी रात्रभर भिजत घालण्याचाच सल्ला देतात. प्रत्यक्षात लाकडातील तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन उष्णतेने मऊ होते. ओलावा त्याला मदत करतो आणि पृष्ठभाग करपू देत नाही, एवढेच. अखंड पट्टी थोडी ओली करून तापलेल्या नळीवर वाकवणे सोपे असते. पापुद्रे चिकटवून केलेली पट्टी मात्र भिजवली आणि ती सरसाने जोडलेली असली, तर उष्णता आणि पाणी मिळून तो जोड सोडवतात. पांढरा फेव्हिकॉलही नळीच्या उष्णतेने मऊ पडतो. यावर दोन उपाय आहेत. एक, उष्णता सहन करणारा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद वापरून पट्टी कोरडीच वाकवणे. दुसरा, जो मला अधिक आवडतो, तो म्हणजे पापुद्रे सुटेच एकत्र धरून वाकवणे आणि खाचेतच एकमेकांना चिकटवणे. असे केल्याने आतला आणि बाहेरचा पापुद्रा आपापल्या लांबीप्रमाणे सरकतो, गिटारच्या कंबरेच्या, म्हणजे मधल्या अरुंद भागाच्या, वळणावर ताण साचत नाही आणि पट्टी उकलत नाही.

नळीचे तापमान पाण्याच्या थेंबावरून ओळखता येते. थेंब चर्र होऊन लगेच उडून गेला तर नळी योग्य तापली आहे. तो मोत्यासारखा गोल होऊन पळू लागला तर पांढरा पापुद्रा करपणारच. पट्टी नळीवर दाबायची नसते, हळूहळू सरकवत राहायची असते. लाकूड नरम झाल्याचे हाताला कळते आणि त्या क्षणीच वळण द्यायचे असते. गिटारची कंबर आणि कटअवे (मानेजवळ खोडाला दिलेला आतला काप) असेल तर त्याचे टोक, या दोनच जागा धोक्याच्या आहेत. बाकीचा घेर जवळपास आपोआप बसतो.

हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रेघांच्या, नक्षीचे गणित वेगळे आहे. काळे-पांढरे व्हीनियर एकाआड एक चिकटवून ठोकळा करायचा, तो तिरका चिरायचा आणि उलट्या तिरकसपणाच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या. अमेरिकेतील मार्टिन कंपनीच्या डी-२८ गिटारवर ही नक्षी असे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ती थांबली आणि १९७६ मध्ये एचडी-२८ या मॉडेलवर परत आली. या पट्टीत रेषा तिरक्या आणि तुकडे आखूड असल्याने ती थोड्या उष्णतेने वळते, पण तितक्याच सहज तुटते, म्हणून दोन्ही बाजूंना अखंड पापुद्र्याची रेघ लावूनच ती वाकवावी.

आपल्या हवामानाचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर काम केले तर चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाटी आक्रसते आणि चिरा पडतात. मे महिन्यात केले तर कोरड्या हवेत गोंद पसरवेपर्यंत सुकू लागतो. पाटीला खाच पाडण्याचे आणि पट्टी बसवण्याचे काम मी दिवाळीनंतर, होळीच्या आत उरकतो. बसवलेली पट्टी पाटीच्या पातळीला आणताना रंधा न लावता स्क्रॅपर (खरवडायचे पोलादी पाते) वापरावा आणि तो नेहमी काठाकडून आत ओढावा. उलट ओढल्यास पट्टीची बाहेरची कड उचलून येते.