तुम्ही विचारलंत म्हणून : शिंग पुन्हा उगवतं, तर गेंडा मारतात कशाला?

गेंड्याचे शिंग कापले तरी ते पुन्हा उगवते, असे मी एखाद्या व्याख्यानात सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. महाविद्यालयातल्या मुलांनी तो विचारला आहे, निवृत्त प्राध्यापकांनी विचारला आहे. पण सर्वांत नेमकेपणाने तो विचारला गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढत बसलेल्या एका गवळ्याने. ‘डॉक्टर, शिंग परत येतंय म्हणताय, मग जनावर मारत्यात कशाला? कापून न्यायचं आन् सोडून द्यायचं की!’ माझी सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर म्हणून गेली. गेंड्यावर उपचार करण्याची वेळ कधी आली नाही. पण शिंग, भूल आणि करवत या तिन्हींशी रोजचा संबंध होता, म्हणून उत्तर त्याच बाजूने देतो. प्रश्न भाबडा मुळीच नाही. गेंड्याच्या शिंगांचा व्यापार खुला करावा की नाही, हा जगभर चाललेला वाद याच प्रश्नावर उभा आहे.

आधी शिंगाविषयी. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे म्हशी सजवून मिरवतात, त्यांची शिंगे रंगवतात, त्यांना मोरपिसे बांधतात. त्या शिंगाच्या आत हाड असते. बाहेर दिसते ते नुसते आवरण, आणि आतला हाडाचा गाभा थेट कवटीचा भाग असतो. बैलाला शिंगाचा कॅन्सर झाला की शिंग एका बाजूला लोंबू लागते, बैल मान तिरकी धरतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते, आणि मग शिंग मुळापासून कापण्यावाचून उपाय राहत नाही. ज्यांनी ती शस्त्रक्रिया पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की कापल्यावर तिथे कवटीच्या पोकळीत उघडणारे भोक दिसते आणि रक्तवाहिन्या बांधेपर्यंत डॉक्टरांना उसंत मिळत नाही. ते शिंग पुन्हा येत नाही. गेंड्याचे शिंग या जातीचे नव्हेच. त्यात हाड नाही. नाकाडाच्या कातडीतून केराटिनचे, म्हणजे आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे असतात त्याचेच, बारीक बारीक तंतू दाटीने वाढतात आणि त्यांचे शिंग होते. वाढीचा थर शाबूत ठेवून वरून कापले तर रक्ताचा थेंब येत नाही, वेदना होत नाही आणि दर वर्षी ते काही सेंटिमीटर वाढत राहते. म्हणजे गवळ्याचे म्हणणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे.

अडचण कापण्याच्या पद्धतीत आहे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि झिंबाब्वे येथे गेंड्यांची शिंगे रक्षणासाठी मुद्दाम कापली जातात, नामिबियात तर १९८९ पासून. हेलिकॉप्टरमधून इटॉर्फिन या गुंगीच्या औषधाचा बाण मारतात. हे औषध इतके जालीम असते की दोन टनांच्या पांढऱ्या गेंड्याला तीन-चार मिलिग्रॅम पुरतात आणि माणसाला चुकून टोचले तर जीव जाऊ शकतो. म्हणून त्यावरचा उतारा भरलेल्या पिचकारीसह माणूस तयार ठेवावा लागतो. गेंडा बसला की डोळ्यांवर फडके बांधतात, कानांत बोळे घालतात, एक जण श्वास मोजत बसतो, कारण या गुंगीत श्वास मंदावतो आणि उन्हात अंग तापते. मग कातडीपासून काही बोटे वर शाईने रेघ मारतात आणि यांत्रिक करवत चालवतात. उरलेल्या खुंटाच्या कडा घासून गोल करतात. खाली ताडपत्री अंथरलेली असते. तिच्यावर पडलेला भुसासुद्धा गोळा करून, वजन करून, शिक्का मारून तिजोरीत जातो, कारण भुशालाही गिऱ्हाईक आहे. शेवटी उताऱ्याचे इंजेक्शन दिले की दोन-तीन मिनिटांत गेंडा उठून चालू लागतो. दीड-दोन वर्षांनी हे सगळे पुन्हा करावे लागते.

रात्री चोरून अभयारण्यात शिरलेल्या माणसापाशी यातले काहीही नसते. त्याच्यापाशी बंदूक आणि कुऱ्हाड असते, आणि गोळीचा आवाज झाल्यापासून वनरक्षक येईपर्यंतची थोडी मिनिटे असतात. जागा गेंडा त्याच्याकडून शिंग कापून घेणार नाही. गुंगीचे औषध वापरणाऱ्या टोळ्याही पकडल्या गेल्या आहेत. पण त्यांनीही उतारा दिला नाही, कारण शिंगाचा बुंधा सगळ्यांत जाड आणि वजनदार असतो आणि शिंग वजनावर विकले जाते. वरून कापले तर कमाईचा मोठा वाटा जनावराच्या नाकावर राहतो. म्हणून कुऱ्हाड थेट नाकाच्या हाडात घालून मुळासकट शिंग उपटतात, आणि गेंडा गोळीने मेला नसला तरी त्या जखमेने मरतो. काझीरंगात २०१२ च्या पुराच्या दिवसांत शिंग तोडलेले आणि तरीही जिवंत असलेले गेंडे सापडले होते. त्यांची छायाचित्रे मी व्याख्यानात दाखवत नाही.

त्यातच मारेकऱ्याला पुन्हा तिथे यायचे नसते. शिंग तीन वर्षांनी वाढेल, पण ते त्याला मिळेल याची खात्री काय? ज्याच्या मालकीचे जनावर नाही त्याला ते जगण्यात फायदा नाही. उलट, शिंग कमी कापलेला गेंडा भेटला तर खुंटासाठीही तो मारला जातो, शिवाय त्याच माळावर पुन्हा पायपीट करावी लागू नये म्हणूनही मारला जातो. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली १३ गेंड्यांची चोरटी शिकार झाली होती. २०१४ साली तोच आकडा १,२१५ झाला. सात वर्षांत गेंड्याचे शरीर बदलले नव्हते, बदलले होते ते गिऱ्हाईक.

गिऱ्हाइकांविषयी आपल्याकडे एक चुकीची समजूत पक्की बसली आहे, ती म्हणजे हे शिंग कामोत्तेजक म्हणून खपते. पारंपरिक चिनी वैद्यकात ते प्रामुख्याने ताप उतरवण्यासाठी दिले जात असे. १९७०-८० च्या दशकांत तेलाचा पैसा आलेल्या येमेनमध्ये त्याच्या मुठी खंजिरांना बसवल्या जात. १९७७ पासून गेंड्याच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, १९९३ मध्ये चीनने देशांतर्गत व्यापारही बंद केला आणि शिंग औषधांच्या अधिकृत यादीतून काढले, तेव्हा काही वर्षे बाजार थंडावला. मग २००५ नंतर व्हिएतनाममध्ये नवा पैसा आला आणि शिंगाने कॅन्सर बरा होतो अशी आवई उठली. तिथे ते दगडी थाळीवर पाणी घालून उगाळतात आणि ते पाणी पितात, आजारासाठी तर खरेच, पण मेजवानीनंतर दारू उतरावी म्हणूनही, आणि बड्या अधिकाऱ्याला भेट देता यावे म्हणूनही. केराटिन पोटात जाऊन काय करते, याचे उत्तर नखे कुरतडणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारावे.

इथवर सांगून झाले की दुसरा प्रश्न येतो : मग सरकारनेच सगळ्या गेंड्यांची शिंगे कापून का टाकू नयेत? हा उपाय चालतो, हे आता बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील ११ अभयारण्यांच्या २०१७ ते २०२३ या काळातील नोंदी तपासून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले की ज्या आठ ठिकाणी २,२८४ गेंड्यांची शिंगे कापली गेली तिथे शिकार सरासरी ७८ टक्क्यांनी घटली, आणि त्यासाठी रक्षणावरच्या एकूण खर्चापैकी जेमतेम १.२ टक्के लागले. पहारेकरी, कुत्री, कॅमेरे यांवर ओतलेल्या पैशाचा असा ठळक परिणाम त्याच आकड्यांत दिसला नाही. एक कारण असे की आतल्याच माणसांना टोळ्या फितवतात. मात्र शिंग नसलेल्या काळ्या गेंड्यांची फिरण्याची हद्द सुमारे ४५ टक्क्यांनी आक्रसते, असेही दुसऱ्या एका अभ्यासात आढळले आहे. ते एकमेकांना टाळू लागतात. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले तर काय होईल हे कळायला वेळ लागेल. माझ्या मते ही शस्त्रक्रिया रक्तस्राव थांबवण्यासाठी बांधलेल्या आवळपट्टीच्या जातीची आहे. वेळेवर बांधली तर जीव वाचतो, बांधून विसरलात तर हात जातो.

तिसरी सूचना व्यापारी मंडळींकडून हमखास येते : गेंडे पाळा, शिंगे कापा, विका, बाजार भरून टाका. हे कोणी करून पाहिले नाही असे नाही. जॉन ह्यूम नावाच्या दक्षिण आफ्रिकी मालकाने स्वतःच्या कुरणांवर सुमारे २,००० पांढरे गेंडे वाढवले आणि कापलेली शिंगे साठवली. देशांतर्गत विक्री तिथे २०१७ पासून पुन्हा कायदेशीर झाली, पण देशात गिऱ्हाईक नाही आणि परदेशात विकता येत नाही, त्यामुळे पहाऱ्याच्या खर्चाने तो बुडाला. २०२३ मध्ये लिलाव पुकारला तर बोली लावायला कोणी आले नाही, आणि अखेर ते गेंडे आफ्रिकन पार्क्स या संस्थेने जंगलात सोडण्यासाठी विकत घेतले. दुधाच्या धंद्यात हयात गेलेल्या जिल्ह्यातला माणूस म्हणून त्याच्या हिशोबाविषयी मला सहानुभूती आहे. पहाऱ्याचा खर्च कोणी तरी द्यायलाच हवा हा त्याचा मुद्दा खोटा नाही. तरीही व्यापार खुला करणे मला पटत नाही. उगाळलेल्या शिंगाचे पाणी कापलेल्या शिंगाचे की मारलेल्या गेंड्याचे, हे पिणाऱ्याला कळत नाही, आणि रानटी जनावराचे शिंग जास्त गुणकारी असे मानणारे गिऱ्हाईक कुरणातल्या शिंगावर समाधान मानणार नाही. त्यात मारण्याला लागते एक गोळी आणि पाळण्याला लागते आयुष्य. स्वस्त माल कोणता ठरेल हे सांगायला नको.

गेंड्याच्या बाबतीत चूक सुधारायला सवडच मिळत नाही. मादी सुमारे सोळा महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते आणि पुढच्या पिल्लाला तीन-एक वर्षे लागतात. दूध पिते पिल्लू असलेली मादी मारली की हिशोबात एक आणि प्रत्यक्षात दोन जातात. व्हिएतनाममधला शेवटचा जावन गेंडा २०१० मध्ये कॅट तिएन उद्यानात शिंग तोडलेल्या अवस्थेत सापडला. त्या जातीचे उरलेले सगळे गेंडे आता जावा बेटाच्या उजुंग कुलोन या एकाच टोकावर आहेत, जेमतेम पन्नास असावेत. आणि तिथेही २०१९ ते २०२३ या काळात २६ मारल्याची कबुली पकडलेल्या टोळ्यांनी दिली. सुमात्रन गेंडे तर इतके विखुरलेले आहेत की नर-मादीची गाठच पडत नाही, आणि पशुवैद्यकाला चटका लावणारी गोष्ट अशी की फार काळ न फळलेल्या मादीच्या गर्भाशयात गाठी होतात आणि पुढे नर भेटूनही उपयोग होत नाही. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर, सुदान, केनियात १९ मार्च २०१८ रोजी गेला. मागे नाजिन आणि फातू या मायलेकी आहेत. फातूची अंडी आणि गोठवून ठेवलेले रेत यांपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार झाले आहेत, आणि ते दक्षिणेकडच्या जातीच्या मादीत वाढवण्याचा खटाटोप चालू आहे. गाई-म्हशींत जे तंत्र आता सर्रास वापरले जाते, ते इथे एका पोटजातीचा शेवटचा आधार आहे.

‘एवढी जनावरे आहेत, एकदम कशी संपतील?’ असे कोल्हापुरात कोणी म्हटले की मी चित्त्याकडे बोट दाखवतो. काळवीटाच्या शिकारीसाठी आपल्या संस्थानात चित्ते बाळगले जात, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून विकत आणले जात. पैसे होते, हौस होती, जाणकार माणसे होती. नव्हता तो चित्ता. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

आपला एकशिंगी गेंडा मात्र त्या वाटेवरून परत आला. विसाव्या शतकाच्या आरंभी दोनशेहूनही कमी उरले होते. आज भारत आणि नेपाळ मिळून सुमारे ४,००० आहेत, त्यांतले २,६१३ एकट्या काझीरंगात २०२२ च्या गणनेत मोजले गेले. इथे शिंगे कापण्याची वाट धरली गेली नाही. शिंग बहुधा किलोच्याही आत भरते, आणि पाणथळ उंच गवतात दर दीड-दोन वर्षांनी हजारो जनावरांना भूल देणे हे माझ्यासारख्याला विचारातही अंगावर काटा आणणारे काम आहे. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखात येथे साठवणीतील २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. ‘विकली असती तर केवढा पैसा आला असता’, हेही मला विचारले जाते. पण विकत घेणारा तोच, ज्याच्यासाठी मारेकरी पाठवले जातात. २०१३ आणि २०१४ मध्ये दर वर्षी पंचविसाहून अधिक गेंडे गमावणाऱ्या त्या राज्यात २०२२ या अख्ख्या वर्षात एकाचीही शिकार झाली नाही. याची किंमत माणसांनीही मोजली आहे. २०१० मध्ये वनरक्षकांना गोळीबारासाठी कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्यानंतर ज्यांच्यावर गोळ्या चालल्या ते सगळे शिकारीच होते, असे काझीरंगाच्या कडेच्या गावांतले लोक मानत नाहीत. त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले आहे असे मलाही वाटत नाही.

दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा उद्यानात शिरते आणि गेंडे महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात. शिकाऱ्यांना हेच दिवस हवे असतात. त्या काळात उद्यानाच्या दोनशेहून अधिक चौक्यांमधले पहारेकरी होड्यांतून फिरतात, आणि महामार्गावरून जाणाऱ्या वाहनांना वेळ लिहिलेली चिठ्ठी देऊन, दुसऱ्या टोकाला कोणी ठरल्यापेक्षा लवकर पोहोचला तर दंड करतात. शिंग नाकावर ठेवून गेंडा वाचवायचा तर हे काम दर वर्षी नव्याने करावे लागते, आणि त्याचा पगार त्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसांना वेळेवर मिळावा लागतो.