खाय श्वे

आईला परदेशात न्यायचं म्हणजे व्हिसापेक्षा गरम पाण्याचीच काळजी जास्त. मागे तिला पॅरिसला नेलं होतं. तिथे जेवताना गरम पाणी मागितलं, तर वेटरने आधी चहाची पुडी आणली, मग लिंबाची फोड आणली. नुसतंच पाणी हवंय म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की आमच्यापैकी कुणाला तरी आता दवाखान्यात न्यावं लागणार. आई मला हळूच म्हणाली, "यांच्या पोटांचं काय होत असेल गं?"

त्यामुळे शीआनमधल्या पहिल्याच जेवणाला, न मागता, टेबलावर वाफाळतं पाणी आलं तेव्हा आईने चीनला तिथल्या तिथे पास करून टाकलं. मातीचे सैनिक, तटबंदी, पॅगोडा वगैरे अजून बघायचंच होतं. निकाल मात्र लागला होता.

खरं तर त्या पाण्याची चाहूल गाडीतच लागली होती. बीजिंगहून शीआन सुमारे बाराशे किलोमीटर, आणि बुलेट ट्रेन ते अंतर साधारण पाच तासांत कापते. खिडकीबाहेरचं सगळं पुसट होत होतं, पण आईचं लक्ष डब्याच्या टोकाला होतं. तिथे भिंतीत एक नळ, आणि त्यातून उकळतं पाणी. लोक उठत होते, आपापले थर्मास भरून घेत होते. कुणाच्या बाटलीत चहाची पानं तळाशी बसलेली. सकाळी टाकलेल्या त्याच पानांवर दिवसभर पाणी ओतत राहायचं. कुणी कागदी वाडग्यातल्या नूडल्सवर पाणी ओतून झाकण दाबून बसलेलं. आई पुण्याहून आणलेला स्टीलचा फ्लास्क घेऊन रांगेत उभी राहिली आणि एक शब्द शिकून परत आली: खाय श्वे. श्वे म्हणजे पाणी, खाय श्वे म्हणजे उकळलेलं पाणी. "खायचं कसलं, प्यायचं ना ते!" असं म्हणत ती स्वतःच हसली. पुढचे सहा दिवस तिचं चिनी भाषेवाचून काही अडलं नाही.

ही सवय फार पुराणी असेल असं मला वाटलं होतं. चहा पुराणा आहेच, पण घरोघरी, दिवसभर पाणी उकळायला सरपण कुठून आणणार? शांघायसारख्या शहरात लोक गल्लीतल्या भट्टीवरून उकळतं पाणी विकत न्यायचे. त्या भट्टीला 'वाघचूल' म्हणत. पाणी उकळूनच प्या असं सरकार सांगू लागलं ते १९३०च्या दशकात, आणि १९५२पासूनच्या आरोग्य मोहिमेने ते घराघरात, शाळाशाळांत पोचवलं. मग थर्मास आले, लग्नात आहेर म्हणून लाल थर्मास देऊ लागले. आमची गाईड, विशीतली चुणचुणीत मुलगी, म्हणाली की हल्ली हा थट्टेचा विषय झालाय. सर्दी होऊ दे, पोट दुखू दे, नाहीतर नुसतं मन खट्टू होऊ दे, बॉयफ्रेंडचं उत्तर एकच: गरम पाणी जास्त पी. मुली वैतागतात. मी भाषांतर करून सांगितलं. आई गंभीरपणे म्हणाली, "मग मुलगा बरोबरच सांगतो की."

शीआन म्हणजे थांग राजांची जुनी राजधानी छांगआन. आज सव्वा कोटीवर वस्तीचं शहर. तरी रस्त्यावर आवाज नाही. स्कूटर विजेच्या, मांजरासारख्या मागून येतात आणि आपण दचकतो. पैसे मोबाईलवर चौकोन स्कॅन करून द्यायचे. त्यात आम्हाला नवल वाटायचं कारण नव्हतं, आमचा पुण्यातला भाजीवालाही तेच करतो. मेट्रोत शिरताना पिशव्या यंत्रातून जातात. तिथल्या शिपाईबाईने आईच्या फ्लास्ककडे बोट दाखवून पिण्याची खूण केली. आत काय आहे हे तपासायची ती पद्धत, एक घोट पिऊन दाखवायचा. आईला वाटलं, बाई तब्येतीची चौकशी करताहेत. तिने दोन घोट घेतले आणि बाईंनाही हवंय का विचारलं.

तटबंदीवर आम्ही दोन सीटांची सायकल घेतली. तट पावणेचौदा किलोमीटरचा, वरून मोटार जावी इतका रुंद. त्यातले दोन किलोमीटर आम्ही केले, त्यातही पायडल मीच मारलं.

मातीचे सैनिक, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेली पुतळ्यांची फौज, पाहायला गेलो तेव्हा गाईडने सुरुवातीपासून सांगितलं. १९७४ साली दुष्काळ होता, इथले शेतकरी विहीर खणत होते आणि मातीत माणसांचे तुकडे लागू लागले. समोर विमानाच्या हँगरएवढं छप्पर, खाली खड्ड्यात ओळीने उभी फौज, प्रत्येकाचं तोंड वेगळं. सगळे मोबाईल उंच करून उभे. आई दुष्काळी माण तालुक्यातली. तिने गाईडला विचारलं, "मग पाणी लागलं का?"

मी भाषांतर केलं. गाईड थबकली, हसली, आणि पुढच्या दालनाकडे चालू लागली. तिथे काचेच्या पेटीत गुडघा टेकलेला तिरंदाज आहे. मागे फिरून पाहिलं तर त्याच्या दुमडलेल्या पावलाचा तळवा दिसतो आणि त्यावर चपलेच्या तळाचे टाके, एकेक टिंब कोरलेलं. बावीसशे वर्षांपूर्वी, जमिनीखाली पुरायच्या पुतळ्याच्या चपलेला टाके! आई बराच वेळ ते टाके मोजत होती. फौजेपेक्षा तिला तो तळवा आवडला.

शेवटच्या सकाळी मोठ्या रानहंसाच्या पॅगोड्याला गेलो. भारतातून आणलेल्या पोथ्यांसाठी ६५२मध्ये तो बांधला. समोर दंड घेऊन उभा असलेला भिक्षू म्हणजे शाळेत आपण पाठ केलेला ह्युएन त्संग. तो आपल्याकडे, चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला होता. महाराष्ट्रातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. हे ऐकून आईने मान डोलावली, म्हणजे तिला ते पटलं. पुतळ्याला हात जोडून म्हणाली, "एवढ्या लांबून आलेला माणूस. गरम पाणी तरी कुणी विचारलं असेल का त्याला?"

चौकात एक आजोबा फरशीवर लिहीत होते. शेजारी बादली, हातात केरसुणीएवढ्या दांड्याचा ब्रश, शाईऐवजी पाणी. चौथं अक्षर होईपर्यंत पहिलं उन्हाने उडून जात होतं. आई तिथून हलेना, तेव्हा त्यांनी ब्रश तिच्या हातात दिला. तिने पाटीवर काढतात तसा 'श्री' काढला. आजोबांनी वाकून तो नीट पाहिला आणि ब्रश घेऊन शेजारी दुसरा काढला. वेलांटी उलटीकडे गेली, पण वळण आईच्यापेक्षा देखणं होतं. दोन्ही हळूहळू वाळत गेले.

निघताना आईने त्यांच्या बादलीत हळूच बोट बुडवलं.

"हे गार आहे," ती मला म्हणाली, आणि फ्लास्कचं टोपण उघडून आजोबांसमोर धरलं.