स्पॅनिश विशेषणे, सहावा आठवडा: हिरवे द्राक्ष आणि कच्चे द्राक्ष

विशेषणे नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात, हे स्पॅनिशचे पुस्तक उघडण्यापूर्वीच 'पांढरा सदरा, पांढरी साडी, पांढरे फूल' म्हणणाऱ्या आपल्या कानाला ठाऊक असते. म्हणून हा धडा सोपा जाईल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात 'सफरचंद लाल आहे' या वाक्यासाठी मी 'ला मान्साना एस रोखो' असे लिहिले. 'लाल' मराठीत कधीच बदलत नाही आणि सफरचंद आपल्याकडे नपुंसकलिंगी आहे. स्पॅनिशमध्ये मात्र 'मान्साना' स्त्रीलिंगी असल्यामुळे तेथे 'रोखा' हवे. तेव्हापासून मी प्रत्येक नाम 'एल' किंवा 'ला' लावूनच वहीत उतरवतो.

'ओ'कारान्त विशेषणाची चार रूपे होतात: रोखो, रोखा, रोखोस, रोखास. 'वेर्दे' (हिरवा) आणि 'आसूल' (निळा) यांचे फक्त अनेकवचन होते: वेर्देस, आसूलेस.

विशेषण सहसा नामानंतर येते, पण काही वेळा जागा बदलली की अर्थही बदलतो. 'आमीगो व्येखो' म्हणजे वयाने म्हातारा मित्र, तर 'व्येखो आमीगो' म्हणजे जुना मित्र. ज्यासाठी आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, तो फरक तेथे केवळ क्रमाने साधतो, हे मला फार आवडले.

या आठवड्यातील सर्वांत मोठा लाभ मात्र गंगापूर रोडवरील द्राक्षांच्या हातगाडीपाशी झाला. 'एस वेर्दे' म्हटले की रंग हिरवा आणि 'एस्ता वेर्दे' म्हटले की फळ अजून कच्चे, हा 'सेर' आणि 'एस्तार' या क्रियापदांमधला भेद मी चार दिवस घोकत होतो. थॉमसन जातीचा घड साखर पुरती भरल्यावरही हिरवट किंवा पिवळसरच दिसतो. त्यातला एक हिरवा मणी चाखून पाहिला, तो गोड लागला आणि वाक्य आपोआप तयार झाले: 'ला ऊवा एस वेर्दे, पेरो नो एस्ता वेर्दे.' द्राक्ष हिरवे आहे, पण कच्चे नाही.

मिश्र लिंगाचा प्रश्न अजून पक्का बसलेला नाही. 'आजोबा आणि आजी थकलेली आहेत' असे म्हणताना आपण नपुंसकलिंगी अनेकवचन वापरतो. स्पॅनिशमध्ये तेथे पुल्लिंगी 'कान्सादोस' येते, आणि माझ्या तोंडून अजूनही 'कान्सादास'च निघते. पुढील आठवड्यात फक्त हाच सराव करणार आहे.