तुम्ही विचारलंत म्हणून : ती पोरं चर्चकडे कशी वळली?

नायजेरियात सात वर्षं मास्तरकी करून आलोय म्हटलं की लग्नाच्या पंगतीत असो वा सकाळच्या फिरण्यात, प्रश्न ठरलेला. "तिथली कॉलेजातली पोरं एवढी चर्चवेडी कशी झाली हो? मिशनऱ्यांनी पैसा ओतला असणार."

पोरं चर्चवेडी झाली हे खरं. मिशनऱ्यांच्या पैशाचं मात्र, मी पाहिलं त्याच्या अगदी उलट.

१९७९ साली मी पूर्वेकडच्या अनाम्ब्रा राज्यात, एन्सुक्काजवळच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायला गेलो. तेलाच्या पैशाचे दिवस होते, शाळा भराभर निघत होत्या आणि आमच्यासारखे भारतीय मास्तर विमानं भरभरून येत होते. आमची शाळा पूर्वी कॅथलिक मिशनची. पण आवारात एकही गोरा पाद्री नव्हता. पूर्वेकडच्या इग्बो लोकांनी 'बियाफ्रा' नावाचा वेगळा देश जाहीर केला, त्यावरून जुलै १९६७ ते जानेवारी १९७० युद्ध झालं, लाखो इग्बो माणसं उपासमारीनं मेली. त्या काळात बियाफ्रात थांबलेल्या आयरिश पाद्र्यांना युद्ध संपताच सरकारनं देशाबाहेर काढलं आणि मिशनच्या शाळा ताब्यात घेतल्या. पोरांची ही चर्चची चळवळ वाढली ती त्यानंतर.

वाढवली कुणी, तर शाळकरी पोरांनी. युद्धात शाळा बंद होत्या. उमुआहिया गावात 'स्क्रिप्चर युनियन' या मूळच्या इंग्रजी संस्थेच्या घरी पोरं बायबल वाचायला जमायची. बियाफ्रानं शरणागती पत्करल्यावर तीच पोरं आपापल्या गावी परतली आणि त्यांनी तिथं मंडळं काढली. अठरा-वीस वर्षांचे पुढारी, खिशात दमडी नाही, पाद्रीपणाची दीक्षा कुणीच घेतलेली नाही. वर्गातले बाक सरकवून, कंदील लावून रात्रभर प्रार्थना. जुन्या चर्चांना हा थिल्लरपणा वाटे. 'एसयू', म्हणजे स्क्रिप्चर युनियन, ही तर शिवीच झाली होती. डोकं झाकणारी, नटणं सोडलेली मुलगी दिसली की पोरं ओरडायची, "एसयू!" आपल्याकडे माळ घातलेल्या पोराला ताडीच्या गुत्त्यावरची मित्रमंडळी जशी चिडवते, तसंच. इथं ताडीऐवजी पाम वाइन, एवढाच फरक.

दुसरा झरा विद्यापीठांतला. लागोस विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या विल्यम कुमुयींनी १९७३ मध्ये पंधरा विद्यार्थी घेऊन बायबलचा अभ्यास सुरू केला. त्याचं पुढे 'डीपर लाइफ' हे अवाढव्य चर्च झालं. (एनॉक अडेबोये, दुसऱ्या एका प्रचंड चर्चचे प्रमुख, तेही गणिताचेच प्राध्यापक. आम्हा फिजिक्सवाल्यांना तिथंही मागेच ठेवलं.)

पण या सगळ्याला चाकं लावली ती सरकारनं, आणि तीही नकळत. युद्धाच्या जखमा भराव्यात म्हणून १९७३ मध्येच 'युथ सर्व्हिस कोअर' निघाली. पदवी घेतली की एक वर्ष परक्या राज्यात सेवा, खाकी कपडे, सरकारी भत्ता. यांना म्हणायचं 'कॉर्पर'. पश्चिमेकडच्या इफे विद्यापीठातून आलेला, तिकडच्याच योरुबा समाजाचा एक कॉर्पर आमच्याकडे केमिस्ट्री शिकवायचा. इग्बो भाषेचं अक्षर कळत नसे, पण पहिल्याच रविवारी गिटार घेऊन वर्गात बसला आणि महिन्याभरात साठ पोरं त्याच्याभोवती. असे हजारो जण दरवर्षी देशभर विखुरायचे, वीज नसलेल्या गावांतही. कुठल्या मिशनला परवडलं असतं हे?

पुढचं मला तितकंसं रुचत नाही. १९८६ मध्ये नायरा, म्हणजे तिथलं चलन, कोसळला, आमचे पगार कवडीमोल झाले, मी परतलो. त्यानंतर श्रीमंतीचे आशीर्वाद वाटणारे प्रचारक फोफावले. मार्च १९८७ मध्ये उत्तरेकडच्या काफांचान गावच्या कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या प्रचारसभेवरून भांडण पेटलं आणि कडुना राज्यात चर्चं जळाली, मशिदी जळाल्या, माणसं मेली. उत्साहाची ही बाजूही तुम्ही विचारलंत म्हणून सांगायलाच हवी.

मला मात्र आठवतो आमच्या शाळेतला, फॉर्म फाइव्हच्या वर्गातला एक पोरगा. एका सकाळी तो लॅबच्या दारात उभा. रुमालात गुंडाळलेलं भिंग टेबलावर ठेवलं. "सर, दोन वर्षांपूर्वी मी हे चोरलं होतं. आता माझा नवा जन्म झालाय, परत करायलाच हवं. शिक्षा करा." नव्यानं मंडळात आलेले सगळेच असं काही ना काही परत करत फिरायचे. कुणी ग्रंथालयाचं पुस्तक, कुणी आईच्या गल्ल्यातले पैसे.

मी शाबासकी दिली आणि भिंग जमा करायला स्टॉक रजिस्टर उघडलं. दोन वर्षांपूर्वी तपासणी आली तेव्हा भिंग सापडेना, म्हणून चौकशी टाळायला मी माझ्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं : 'प्रयोग करताना फुटले.' खाली माझी सही.

पोरगा समोर उभाच होता. मी रजिस्टर मिटलं आणि त्याला वर्गात जायला सांगितलं.