चोडणला घड्याळ नको, तिथी बघून जा

मागच्या वर्षी पौर्णिमेला भर दुपारी गोव्यातल्या चोडण बेटावर पक्षी बघायला गेलो होतो. भरती टम्म चढलेली, चिखल सगळा पाण्याखाली, पक्ष्यांचा पत्ता नाही. घरी सांगितलं तर मालवणची आमची आई म्हणाली, "अरे, तिथीची पाऊणपट करायचीस ना!" तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते, त्याच्या सहा तास आधी सुकती, म्हणजे ओहोटी. या वेळी तृतीया धरली: भरती सव्वादोनला, सुकती सव्वाआठला. गोव्यात ती थोडी आधीच लागते, म्हणून सातलाच रायबंदरची फेरीबोट पकडली.

पलीकडे उतरलं की डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्याचं फाटक जवळच आहे. क्षेत्र जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, मांडवीच्या काठी बेटाच्या पश्चिम टोकाला. पक्षितज्ज्ञ सालीम अली 1987 मध्ये वारले आणि दुसऱ्याच वर्षी हे अभयारण्य झालं. गोव्यातलं हे सर्वांत लहान.

आत फरसबंद पायवाट, दोन्ही बाजूंना कांदळ आणि तिवर, म्हणजे खारफुटीची झाडं. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली. मी एका जागी दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. आधी काहीच हललं नाही. मग बिळाबिळातून खेकडे बाहेर आले. नरांची एकच नांगी भलीमोठी, ती वर-खाली करत एकमेकांना इशारे चाललेले. शेजारी निवट्या शेपटीवर जोर देऊन चिखलात टुणकन उडत होत्या. माशाची जात, पण पाण्याबाहेर खुशाल! तेवढ्यात काळ्या डोक्याच्या खंड्याने फांदीवरून सूर मारला आणि एक खेकडा उचलला. त्याची लालभडक चोच अजून डोळ्यांसमोर आहे.

एका तिवराच्या मुळांत मात्र प्लास्टिकच्या पिशव्या गुंतल्या होत्या. फार वाईट वाटलं. माशांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाने वाढतात. हात पोचला तेवढ्या काढल्या. तुम्हीही एक रिकामी पिशवी सोबत ठेवा.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास सोडत नाहीत. वाट शेवाळलेली असते, तळवा घट्ट धरणारे बूट हवेत. दुर्बीण आणि पाणी घ्या. स्थलांतरित पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. होडीतून खाडीत शिरायचं असेल तर हिशेब उलटा, भरतीच लागते. नावाड्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. आणि आत गेल्यावर आवाज अगदी हळू. आमच्या मागे कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं आणि सगळे खेकडे क्षणात बिळात गेले.