पेशंट बरा होतोय का, हे मोजताना : माझा अनुभव

मी सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत समुपदेशक आहे. "आता कसं वाटतंय?" आणि "बरं आहे" एवढ्यावर आमचा फॉलोअप वर्षानुवर्षं चालत आला. केसपेपरवर 'सुधारणा आहे, औषध तेच चालू' असं लिहिलं की पुढचा नंबर. महिन्याचा अहवाल जायचा तो नवे पेशंट किती आणि जुने किती याचा. त्यातले किती जण खरोखर बरे झाले, याचा रकानाच त्यात नव्हता.

तो रकाना सुरू करायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

मोजायचं कशाने, इथूनच वाद सुरू झाले. साखर किंवा रक्तदाब मोजतात तसं आमच्याकडे यंत्र नाही, प्रश्नावल्या आहेत. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ घ्यायची, यावर लगेच एकमत झालं. २००१ साली आलेली ही प्रश्नावली मोफत आहे, नऊच प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, ते सांगायचं. 'अजिबात नाही'ला ०, 'जवळजवळ रोज'ला ३, म्हणजे बेरीज ० ते २७. चिंतेसाठी तशीच सात प्रश्नांची जीएडी-७. अडलं ते स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारांपाशी. एखाद्याला आवाज अजून ऐकू येतात, पण तो वेळेवर उठतो, कामाला जातो, घरच्यांशी बोलतो. नुसती लक्षणं मोजली तर तो आहे तिथेच दिसणार. म्हणून अशा पेशंटसाठी आम्ही होनॉस घेतली. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात तयार झालेली ही पट्टी बारा मुद्द्यांची आहे. प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि ते उपचार करणाऱ्याने द्यायचे. तिच्यात नातेसंबंध, राहण्याची सोय, रोजचे व्यवहार हेही येतं. जोडीला जागतिक आरोग्य संघटनेची बारा प्रश्नांची डब्ल्यूएचओडास २.० ठेवली. जगण्यात कुठे कुठे अडतंय, हे ती पेशंटलाच विचारते.

सुरुवातीचे महिने वाया गेले असंच मी म्हणेन. फॉर्म रांगेतच वाटले जायचे. कुणी एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा करायचं. वाचता न येणाऱ्यांचा फॉर्म सोबतचा नातेवाईक भरायचा. एका बाईंचा पूर्ण फॉर्म त्यांच्या नवऱ्याने भरला होता आणि सगळीकडे शून्य. त्या शेजारी मान खाली घालून बसल्या होत्या. 'कामात रस वाटत नाही का?' या प्रश्नाला तर हमखास उत्तर यायचं, "रस कसला, करावंच लागतं." त्यांना प्रश्न समजलाच नव्हता, आणि आम्ही मात्र आकडा वहीत चढवत होतो.

आणि मग तो दिवस आला. संध्याकाळी ओपीडी संपल्यावर मी गठ्ठ्यातले फॉर्म नोंदवत होते. एका फॉर्मवर नवव्या प्रश्नापुढे २ ला खूण होती. जगू नये असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, असं विचारणारा तो प्रश्न. निम्म्याहून जास्त दिवस वाटतं, असं त्या माणसाने सकाळी दहा वाजता लिहून दिलं होतं. डॉक्टरांनी त्याला तपासलं, औषध दिलं आणि तो घरी गेला. फॉर्म कुणी उघडूनही पाहिला नव्हता. माझे हात गार पडले. फोन लावला, तो उचलेपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. त्याने उचलला. आम्ही बराच वेळ बोललो, त्याच्या भावाला बोलावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. मला म्हणाला, "मी लिहिलं होतं. वाटलं, कुणीतरी विचारेल."

त्या एका वाक्याने आमची पद्धत बदलली. रांगेत फॉर्म वाटणं बंद झालं. आता प्रश्न आत, एकांतात, नातेवाइकांना बाहेर बसवून विचारतो. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते, उत्तर पेशंटचंच. नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्याव्यतिरिक्त काहीही आलं, तर त्याच्याशी सविस्तर बोलल्याशिवाय त्याला जाऊ द्यायचं नाही, एकूण बेरीज कितीही कमी असो. पेशंटला विचारायचं आणि उत्तर वाचायचं नाही, यापेक्षा न विचारलेलं बरं, असं माझं ठाम मत झालंय.

पेशंटला एकट्याला विचारायला लागल्यावर आकडे वर गेले. शून्यवाल्या त्या बाईंचा स्कोअर १७ आला आणि महिन्याभराने १९. कागदावर पाहिलं तर प्रकृती बिघडली होती. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, मागच्या वेळी सगळं खरं नव्हतं सांगितलं." दोन गुण वाढले होते ते विश्वासाचे. असा आकडा वर पाठवायचा तर सोबत ही गोष्ट जात नाही, हे मला फार खुपतं.

दुसरा बदल आणखी साधा होता. मी आलेख पेशंटच्या पुढ्यात ठेवायला लागले. एक तरुण १८ वरून ११ वर आला होता. तो बोट ठेवून पाहत राहिला. "एवढं खाली आलंय? मला तर वाटत होतं, मी तिथंच आहे." मग आम्ही एकेक प्रश्न पाहिला. बाकी सगळं उतरलं होतं, झोपेचा ३ मात्र पहिल्या दिवसापासून जागचा हलला नव्हता. आधीच्या भेटींत तो झोपेबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. त्या दिवशी अर्धा तास आम्ही फक्त झोपेवर बोललो.

'आम्हाला चेहरा पाहूनच कळतं, कागद कशाला?' हा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला, आणि तो मलाही पडला होता. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मायकल लॅम्बर्ट यांच्या गटाचा २००५ मधला अभ्यास वाचल्यावर मी गप्प झाले. सुमारे ५५० जणांपैकी कुणाची अवस्था उपचारादरम्यान बिघडेल, हे थेरपिस्टना आधी विचारलं होतं. त्यांनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. चांगलं होतंय ते आपल्याला दिसतं, घसरणारा माणूस नजरेतून सुटतो.

वर पाठवायच्या अहवालात मात्र मला भांडावं लागलं. पहिल्याच आढाव्यात सरासरी छान उतरलेली दिसली आणि सगळे खूश. मी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे माणूस सहसा सगळ्यात वाईट अवस्थेत आपल्याकडे येतो, त्यामुळे स्कोअरमध्ये थोडी घट काही न करताही दिसते. आणि दोन-तीन गुणांचा फरक मोजमापातल्या चुकीमुळेही पडतो. खरा बदल कोणता, हे ठरवायची रीत जेकबसन आणि ट्रुअॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडली. इंग्लंडच्या सरकारी मानसोपचार कार्यक्रमात पीएचक्यू-९ वर किमान ६ गुणांचा फरक असेल तरच तो खरा बदल धरतात. तीच अट आम्ही लावली आणि सुधारलेल्यांची संख्या चटकन खाली आली. खोलीत शांतता पसरली. पण ती संख्या खरी होती.

त्याहून मोठा प्रश्न होता जे परत आलेच नाहीत त्यांचा. दुसरा फॉर्म ज्याचा आहे, त्याचीच सरासरी निघते. इंग्लंडमधला तो कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिथे प्रत्येक भेटीत स्कोअर घेतात. मधेच कुणी यायचं थांबलं तरी शेवटचा आकडा हातात राहतो. आम्हीही दर भेटीला घ्यायला लागलो. वेळ जास्त लागतो, रांग लांबते, त्यावरून बोलणीही बसतात. तरी यात मी तडजोड करणार नाही. विभागांची एकमेकांशी तुलना करून क्रमवारी लावायचा प्रस्ताव आला, त्यालाही मी विरोध केला. आमच्या एका विभागात सगळ्यात अवघड पेशंट पाठवले जातात, त्यांचे सुधारणेचे आकडे कमी दिसणारच. क्रमवारी लागली की अवघड पेशंट कुणी घेणार नाही.

आता आठवड्यातली एक दुपार मी न आलेल्यांना फोन करते. मागच्या वेळी दोघीजणी फोनवर सापडल्या. पहिलीला नोकरी लागली होती, ओपीडीची वेळ तिला जमत नव्हती. प्रश्न फोनवरच विचारले, स्कोअर ५ आला. शेवटचा १६ होता. तिने दोन्ही आकडे मला पुन्हा सांगायला लावले. दुसरीने नवव्या प्रश्नापाशी उत्तर दिलं नाही, नुसती शांतता. मी फोन धरून ठेवला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उद्या आले तर चालेल?" मी म्हटलं, आजच या, मी थांबते. तासाभरात ती आईबरोबर आली. दोघींच्या नावापुढे तोवर एकच शेरा होता : 'फॉलोअपला आली नाही'.