मेथीच्या दोन जुड्या आणि बंद पडलेला नंबर

मेथीच्या दोन जुड्या, कोथिंबीर आणि पाव किलो गवार. सत्तर रुपये झाले. जांभळी नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी पिशवी माझ्या हातात दिली आणि टोपलीला टेकवून ठेवलेल्या क्यूआर कोडच्या पाटीकडे मानेनेच खूण केली. मी पाचशेची नोट पुढे केली.

"ताई, एवढे सुट्टे कुठून आणू आता? स्कॅन करा की."

मला स्कॅन करता येत नव्हतं. माझा ठाण्यातला जुना मोबाईल नंबर रिचार्जअभावी बंद झाला आणि त्याच्याबरोबर यूपीआयही गेलं. अनिवासी भारतीयांना परदेशी नंबरवरून यूपीआय वापरता यावं, अशी सोय जानेवारी 2023 मध्ये जाहीर झाली, तेव्हा मी त्या दहा देशांची यादी तीनतीनदा वाचली होती. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ब्रिटन. जर्मनी त्यात नव्हता. मी न्यूरेंबर्गला राहते. म्हणजे मंडईतले सगळे लोक ज्या दारातून आरामात ये-जा करत होते, त्या दाराबाहेर मी एकटी उभी होते, आणि तेही माझ्याच गावात.

मावशींनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "न्या. उद्या आणून द्या." नाव विचारलं नाही, कुठे राहता ते विचारलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाची भेंडी तागडीत पडलीसुद्धा. मी पिशवी घेऊन कौपीनेश्वराच्या देवळापर्यंत आले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. अकरा वर्षांत न्यूरेंबर्गमध्ये मला कुणी एक पाव उधार दिलेला नाही. तिथली माणसं वाईट आहेत म्हणून नव्हे. उधार मागायची आणि द्यायची रीतच तिथे नाही.

हे एवढंच झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना घेऊन रक्त तपासायला गेले.

बाबा 78 वर्षांचे आहेत. चौतीस वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी कॅशिअरच्या खिडकीमागे. नोट हातात घेतली की खरी-खोटी ते बोटांना कळतं, डोळे मिटून सांगतात. उपाशीपोटी सात वाजता आम्ही नौपाड्यातल्या एका तपासणी केंद्रात पोचलो. रिपोर्टचे 850 रुपये बाबांनी घरूनच मोजून, घडी घालून, शर्टाच्या खिशात आणले होते. पन्नासची नोटसुद्धा वेगळी काढलेली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, कॅश नाही घेत आम्ही. ऑनलाइनच करावं लागेल."

ती उद्धट नव्हती. तिला तसं सांगितलेलं असणार. बाबांनी नोटा पुन्हा पुढे केल्या, जणू तिने नीट पाहिल्या नसाव्यात. ती पुन्हा तेच म्हणाली. पैसे भरायला माझा फोन निकामी, बाबांच्या फोनवर असलं काही नाही. मग मी घरी आईला फोन लावला, त्या मुलीने क्यूआर कोडचा फोटो पाठवला, आणि आईने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पैसे भरले. अर्धा मिनिट लागलं असेल. आई 72 वर्षांची आहे आणि यूपीआयशिवाय तिचं पान हलत नाही.

त्या अर्ध्या मिनिटात मला आईचा अभिमान वाटला, या देशाचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी इतका संताप आला की काउंटरवर हात आपटावासा वाटला. बाबांनी नोटा परत घडी घालून खिशात ठेवल्या. काही बोलले नाहीत. घरी येताना रिक्षातही बोलले नाहीत.

आता न्यूरेंबर्गबद्दल सांगते, कारण गेली कित्येक वर्षं मी याच विषयावर त्या शहराला नावं ठेवत आले आहे. माझ्या घराखाली बेकरी आहे. दारावर पाटी: फक्त रोख. कोपऱ्यावरचा न्हावी: फक्त रोख. एकदा पावसात आम्ही चौघं जेवायला गेलो, बिल आलं तेव्हा कळलं की कार्ड चालत नाही. नवरा आणि पाहुणे टेबलापाशी थांबले आणि मी भिजत एटीएम शोधायला गेले. नव्या कार्डाचा पिन पोस्टाने येतो, बंद पाकिटात, कार्ड येऊन गेल्यावर चार दिवसांनी. डॉक्टरचं पत्र पोस्टाने. वीज कंपनीचं पत्र पोस्टाने. माझ्या पर्सला नाण्यांचा वेगळा कप्पा आहे आणि तो इतका जड असतो की खांदा दुखतो. ठाण्यात शहाळेवाल्यापाशी स्कॅन करून मोकळं होणारी माझी मावसबहीण तिथे आली तेव्हा तिला हे खरंच वाटेना. जर्मन मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार 2023 मध्येसुद्धा दुकानांतले निम्म्याहून किंचित जास्त, 51 टक्के, व्यवहार रोखीने झाले.

आणि हे कुठलं शहर? जिथे 2008 पासून ड्रायव्हरशिवाय मेट्रो धावते ते. पहिल्या डब्यात सगळ्यात पुढच्या काचेपाशी उभं राहिलं की समोर नुसता बोगदा दिसतो, चालवणारं कुणी नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांकडे बघत बघत ज्यांच्या मुलांची शाळा संपत आली, त्या माझ्या मैत्रिणींना मी त्याचा व्हिडिओ पाठवते. मेट्रोतून उतरायचं आणि पाव घ्यायला नाणी मोजायची. मला हा निव्वळ हट्टीपणा वाटत असे.

माझ्या ऑफिसात लाइपझिगची एक बाई आहे. पूर्व जर्मनीत वाढलेली. तिच्याशी मी एकदा यावरून भांडले. म्हटलं, तुमच्याकडे पैसे द्यायला पाच मिनिटं लागतात, आमच्याकडे भाजीवाल्याला पाच सेकंदांत मिळतात. ती शांतपणे म्हणाली, "आणि तू भाजी घेतलीस हे किती जणांना कळतं?" तिच्या वडिलांनी 1992 मध्ये, श्टाझीच्या म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या फायली लोकांना खुल्या झाल्यावर, स्वतःची फाईल वाचली होती. कुणाकडे चहाला गेलो, किती वाजता निघालो, सगळं लिहिलेलं. नंतर मी वाचत गेले. माहितीच्या संरक्षणाचा जगातला पहिला कायदा जर्मनीतल्याच हेसेन राज्याने 1970 मध्ये केला. 1983 मध्ये जनगणनेच्या प्रश्नावलीवरून लोक इतके खवळले की घटनापीठाने निकाल दिला: स्वतःची माहिती कुणाला द्यायची, हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा. आणि नाझींचे 1935 चे ते ज्यूंविरुद्धचे वंशद्वेषाचे कायदे माझ्या या न्यूरेंबर्गमध्येच जाहीर झाले होते. कुणाचे आजोबा कोण, हे नोंदवह्यांतून शोधून माणसांना वेगळं काढलं गेलं. नोंदींची भीती त्यांच्या अंगात मुरली आहे. तिला हट्टीपणा म्हणणं मी सोडून दिलं.

पण म्हणून त्यांची टिंगल बंद आणि आपली सुरू, असं मुळीच नाही. 'तुमच्याकडे खेड्यात इंटरनेट असतं का?' असं मला न्यूरेंबर्गमध्ये विचारलं जातं तेव्हा मी ठाण्याच्या मंडईचे फोटो काढून दाखवते. यूपीआय 2016 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. 2025 च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये ते पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी सुरू झालं, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. युरोपातल्या बँका 2024 च्या जुलैत 'वेरो' नावाचं काहीसं तसंच काढून बसल्या आहेत. आठ वर्षांनी! हे आपण केलंय, आपल्या पोरांनी केलंय, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

फक्त एक गोष्ट ठाणेकर म्हणून मला टोचते. न्यूरेंबर्गहून फ्युर्थला जर्मनीतली पहिली आगगाडी 1835 मध्ये धावली आणि बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला. ही दोन्ही गावं माझी, म्हणून मला ही तुलना आवडते. तेव्हा रूळ आणि कंपनी, दोन्ही इंग्रजांचं होतं, आपण फक्त डब्यात बसलो. आता उलटं झालंय. यूपीआयचे रूळ आपले आहेत, पण त्यावरचे ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार दोनच ॲप्समधून होतात. एक गुगलचं, दुसरं वॉलमार्टच्या मालकीचं. कुठल्याही एका ॲपकडे तीस टक्क्यांपेक्षा जास्त वाटा असू नये, असं 2020 मध्येच ठरलं आणि त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत 2026 च्या अखेरीपर्यंत गेली. जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून या व्यवहारांवर शुल्क घेत नाहीत, ते योग्यच. मग खर्च कोण करतं? बँका, सरकारचं अनुदान, आणि ही ॲप्स स्वतःच्या खिशातून. एवढी मोठी कंपनी वर्षानुवर्षं फुकट सेवा देते तेव्हा तिला दुसरं काहीतरी मिळत असतं किंवा पुढे मिळवायचं असतं. इतका साधा हिशोब आपण का विचारत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

रोख काही संपलेली नाही. 2016 च्या नोव्हेंबरात, नोटबंदीच्या वेळी, केव्हाच निवृत्त झालेले बाबा नौपाड्यात बँकेच्या रांगेत उभे होते, आणि आतल्या ओळखीच्या पोरांनी बोलावलं तरी ते रांग सोडून आत गेले नाहीत. तेव्हा जेवढ्या रकमेच्या नोटा चलनात होत्या, त्याच्या दुपटीहून जास्त आज आहेत. पाचशेच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचं वचन छापलेलं आहे, भाषांच्या पट्टीत मराठीत 'पाचशे रुपये' लिहिलेलं आहे. आणि चौतीस वर्षं ते वचन लोकांच्या हातात देणाऱ्या माणसाला ठाण्यात काउंटरवरून परत पाठवलं जातं.

2019 मध्ये बाबा माझ्याकडे आले होते. जर्मनचा एक शब्द येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर घरात नाहीत. जीव घाबरा झाला. दहा मिनिटांनी आले, हातात पावाची पिशवी. खालच्या बेकरीत जाऊन बोटाने पाव दाखवला, नाणी तळहातावर पसरली, त्या बाईने त्यांच्याबरोबर एकेक मोजून घेतलं, आणि उरलेली त्यांच्या मुठीत परत घातली. पुढचा महिनाभर पाव तेच आणत होते. परक्या देशात बाबा एकटे जाऊन पाव आणू शकले, आणि स्वतःच्या गावात त्यांना रक्त तपासायला बायकोचा फोन लागला. तू तिथे कशाला राहतेस, असं मला नातेवाईक विचारतात तेव्हा मी ही पावाची गोष्ट सांगते. कदाचित मला ती स्वतःलाच जास्त सांगायची असते.

माझं मागणं लहान आहे. स्कॅन ठेवा, वाढवा, मला पण त्या यादीत घ्या. पण दवाखाना, तपासणी, औषधं, तिकीट, सरकारी खिडकी इथे नोट नाकारायला बंदी करा. न्यूयॉर्क शहराने 2020 मध्ये दुकानांसाठी असा नियम केला. ठाण्याला तो करायला काय हरकत आहे?

त्या संध्याकाळी मी उधारी फेडायला गेले. मावशी निवांत होत्या. त्यांच्या पाटीशेजारी पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा असतो. एका गिऱ्हाइकाने स्कॅन केलं आणि डबा मराठीत बोलला, चाळीस रुपये प्राप्त झाले. "आधी हिंदीत बोलायचा. मुलाला सांगून मराठी करून घेतला," मावशी म्हणाल्या. "पण 'प्राप्त' कशाला म्हणतो? 'मिळाले' म्हण की सरळ."

मी विचारलं, तुम्हाला हे आवडतं की रोख? त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "आधी गल्ल्यात पैसे पडायचे, ते संध्याकाळपर्यंत निम्मे व्हायचे. घरातलेच घ्यायचे. आता माझ्या खात्यात जातात, कुणाचा हात पोचत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण पहाटे वाशीला माल भरायला गेलं की हमालाला, टेम्पोवाल्याला रोखच द्यावी लागते. रोज थोडी काढून आणते." 2025 च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमाखर्चावरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या, हे त्यांच्या मुलाने त्यांना दाखवलं होतं. "ताज्या भाजीवर कसला टॅक्स? पण पाकीट आलं की भीती वाटतेच ना." एका घरातल्या हातांपासून पैसे वाचवले, तर दुसऱ्या दारातून कुणीतरी डोकावू लागलं. लाइपझिगची ती बाई इथे असती तर या दोघींचं छान जमलं असतं, असं मला वाटून गेलं.

मी शंभराची नोट दिली. मावशींनी गोणपाटाखाली चाचपलं, पदराची गाठ सोडून बघितली. दिवसभर सगळ्यांनी स्कॅनच केलं होतं. सुट्टे नव्हते.

"राहू द्या," मी म्हटलं.

"राहू कसे देऊ?" त्या म्हणाल्या. मूठभर मिरच्या आणि आल्याचा तुकडा त्यांनी माझ्या पिशवीत टाकला. "हे वरचं. तुमचे तीस माझ्याकडे आहेत. पुढच्या वेळी आलात की घ्या."

"मी आता वर्षभराने येईन, मावशी."

"या की. मी इथेच असते."